आडनावं नसलेली परिषद

इंदोरा, नागपूर
१४ जून २०२५

प्रतिनिधी, मच्छीमार सहकारी संस्था, हर्णै, यांस,

सप्रेम जयभीम.

हे पत्र हर्णैच्या प्रतिनिधींसाठी आहे. संस्थेत दुसऱ्या कुणी फोडलं तर त्याने मुकाट्याने त्यांच्या हाती द्यावं. आणि वाचणारच असाल तर निदान नीट वाचा, म्हणून मी कोण ते आधी सांगते. मी भागीरथा. इंदोरा हातमाग विणकर सहकारी संस्थेची अध्यक्ष आणि अखिल भारतीय सहकारी व्यवसाय परिषदेत नागपूरची प्रतिनिधी. तुमचे प्रतिनिधी आणि मी परिषदेच्या वार्षिक सभेला तीसेक वर्षं शेजारी शेजारी बसतो. साखरवाले आणि दूधवाले पुढच्या रांगेत असतात. हातमाग, मच्छी आणि अलेप्पीचा काथ्या मागच्या रांगेत. परिषदेत कुणाला नावाने हाक मारत नाहीत, आडनावाने तर नाहीच. ज्या गावची संस्था तेच त्या माणसाचं नाव. म्हणून ते हर्णै आणि मी नागपूर. पाकिटावर लिहायला पेन उचललं तेव्हा लक्षात आलं, की मला त्यांचं नावच माहीत नाही.

आता हर्णै, तुमच्याशी बोलते. जानेवारीत लुधियानाच्या सभेत हजेरीला तुमचं गाव दोनदा पुकारलं आणि कुणी ओ दिली नाही. अलेप्पीने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी खुणेने सांगितलं, मला काय माहीत. पूर्ण सभाभर माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्यावर पिशवी ठेवून बसले, नाहीतर लुधियानाचा एक जाडा माणूस तिथं बसू पाहत होता. तुम्हाला बरं नव्हतं का? संस्था बंद पडली का? निदान एक पोस्टकार्ड टाकायचं होतं. तुम्हालाही माझा पत्ता माहीत नव्हता हे मला कळतं, तरी राग आहे.

दुसरं काम. परिषदेला सत्तरावं वर्ष लागतंय. दिल्ली कार्यालयातली सोनिका म्हणून मुलगी परिषदेचा इतिहास लिहून राहिली आहे, तिने जुन्या प्रतिनिधींकडून आठवणी मागवल्या आहेत. तुम्हालाही पत्र आलंच असेल. पुढची सभा जानेवारीत, नागपूरला, जिथं परिषद जन्मली तिथंच. आणि विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय वाचलात का? यापुढे वार्षिक सभा प्रत्यक्ष न भरवता पडद्यावर घ्यावी. म्हणजे प्रत्येकाने आपापल्या गावी बसून मोबाईलमध्ये तोंड दाखवायचं.

मला तुमचं मत हवं आहे. त्याहून आधी, तुम्ही आहात ना, एवढं कळवा.

नागपूर


हर्णै
८ जुलै २०२५

नागपूर यांस,

सप्रेम नमस्कार. आणि जयभीमही.

आहे.

तुमचं पत्र आमच्या सेक्रेटरीने, विक्रमने, फोडलं. पावसाळी बंदी आहे, होड्या वर ओढल्यात आणि सगळी माणसं संस्थेच्या पडवीत जाळी विणत बसलेली. त्यांच्यासमोर त्याने ते मोठ्याने वाचलं. मला कमी ऐकू येतं हे त्याचं निमित्त. 'शेजारी शेजारी बसतो' हे आता सगळ्या बंदराला पाठ आहे. काल एका पोराने मला विचारलं, काका, नागपूर कसं आहे? म्हटलं, रागीट आहे.

तेव्हा पुढचं पत्र खालच्या पत्त्यावर घरी पाठवावं. नाव हरेश्वर. पत्त्यात आडनाव लिहिलंय ते पोस्टमनसाठी आहे, तुम्ही वाचू नये.

लुधियानाला आलो नाही कारण धक्क्यावर पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. दापोलीला ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन चालतो. फोनचं म्हणाल तर तो मला निरुपयोगी आहे. जन्मभर इंजिनाशेजारी बसलो, त्यामुळे फोनमध्ये कुणीही बोललं तरी मला इंजिनच ऐकू येतं.

सोनिकाला मी आठवण लिहून पाठवली. परिषदेत आडनावं का नाहीत, त्याची. आमचे जुने चेअरमन सांगायचे की पहिल्या सभेत दिल्लीहून आलेल्या कारकुनाला मद्रास, बंगाल, पंजाब इथली आडनावं लिहिता येईनात, म्हणून त्याने फक्त गावं लिहिली आणि तेच रूढ झालं. बरोबर आहे ना?

शेवटच्या विषयाबद्दल भेटल्यावर बोलू. जानेवारीत मी येणार. काठी घेऊन येणार, पण येणार.

एक विचारतो. परिषदेत घरचं विचारायचं नाही हा रिवाज मला माहीत आहे. पण मी आता परिषदेत नाही, पडवीत आहे. तुमचे यजमान बरे आहेत ना? दरवर्षी सभा संपली रे संपली की तुम्ही 'घरी वाट बघतात' म्हणून पहिली गाडी धरायचात. तेव्हापासून त्यांची प्रकृती विचारायचं मनात होतं.

हर्णै


इंदोरा, नागपूर
२ ऑगस्ट २०२५

हर्णै,

जयभीम.

पाय मोडला आणि मला इतक्या महिन्यांनी कळलं. ते राहू द्या. हाड जुळलं, बरं झालं. काठीला लाज वाटून घेऊ नका, आमच्या जिन्याला कठडा आहे.

जिन्याचं सहज लिहिलं. तुम्ही घरी याल असं नाही.

पण तुमची ती कारकुनाची गोष्ट! हर्णै, तुम्हाला कुणी सांगितलं की ते दिल्लीला धाडा? आधी मला विचारायचं होतं. माझा बाप त्या पहिल्या सभेत होता. रुपराव त्याचं नाव. इंदोऱ्यात मागावर बसायचा, संस्था त्यानेच उभी केली. दीक्षा झाली त्याच हिवाळ्यात परिषदेची ही पहिली सभा नागपुरात भरली, देशाच्या मधोमध म्हणून. एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात मांडव होता. दुपारी पंगत बसायची होती आणि वरणाची बादली घेतलेला एक वाढपी दाराशी उभा राहून एकेकाला आडनाव विचारत होता. कोण कुठं बसवायचा, हे त्याला ठरवायचं होतं. बाप पुढे गेला.

"आडनाव काय गा?"

"नागपूर."

"गाव नाही विचारून राहिलो. आडनाव विचारून राहिलो."

"तेच सांगून राहिलो ना. नागपूर."

वाढपी अडून बसला. बापाच्या मागे अलेप्पीचा माणूस होता, आताच्या आपल्या अलेप्पीच्या आधीच्या आधीचा. त्याला मराठीचा शब्द येत नव्हता, पण काय विचारलं जातंय ते त्याला बरोबर कळलं. तो पुढे झाला आणि म्हणाला, अलेप्पी. त्याच्यामागचा म्हणाला, कटक. मग सोलापूर, मग आणंद. शेवटी वाढप्याचे हात बादलीने भरून आले आणि तो म्हणाला, "बसा बापा कुठंही, मले काय करायचं." त्या दुपारी सगळे जसे आले तसे बसले. दुसऱ्या दिवशी नियम लिहिताना ते नियमात घातलं. आडनाव विचारायचं नाही, आणि आडनाव ज्यातून कळेल ते घरचंही विचारायचं नाही. बाप मरेपर्यंत ही गोष्ट सांगत होता आणि दर वेळी हसत होता. हे मी सोनिकाला लिहून पाठवलं आहे. तुमचा कारकून तिने काढून टाकला नाही तर मी दिल्लीला जाईन.

तुम्ही घरचं विचारलंत. तर ऐका. यजमान नाहीत. माझा मुलगा धम्मदीप दुसरीत होता तेव्हाच ते गेले. मी परिषदेत पहिल्यांदा आले त्याच्याही आधी. घरी वाट बघायची ती माझी सासू. डोळ्याने अधू होती आणि माझ्या हातचंच जेवायची. आता तीही नाही. धम्मदीप रामदासपेठेत एका दवाखान्याच्या हिशेबखात्यात आहे. सून मेघा कुहीची, बोलायला तिखट आणि मनाने चांगली.

इतकी वर्षं तुम्ही माझ्या यजमानांची प्रकृती विचारायची मनात ठेवलीत, हे वाचून मला हसू आलं, आणि मग हसू गेलं.

आता मीही रिवाज मोडते. तुमच्या मंडळींना साड्या आवडल्या का? दरवर्षी तुम्ही सभेतल्या आमच्या विक्रीच्या मांडणीवरून एक सुती साडी घ्यायचात, 'घरी न्यायला' म्हणून. ती मी आधीच बाजूला काढून ठेवायची. एका वर्षी जांभळ्या काठाची होती, ती मी स्वतः विणली होती. ती त्यांना कशी दिसते, हा विचार मी वर्षभर केला. कशाला केला ते विचारू नका.

भागीरथा (पोस्टमनसाठी)


हर्णै
११ सप्टेंबर २०२५

नागपूर,

मंडळी नाहीत. कधीच नव्हती.

तरुणपणी एक ठरत होतं, ते मोडलं. मग भावाच्या मुलांची शिक्षणं, मग संस्था, मग वय. साड्या आईसाठी न्यायचो. आई गेली तरी न्यायचो. बाजूला काढून ठेवलेली साडी तुम्ही माझ्यासमोर उलगडायचात, काठ दाखवायचात, आणि 'ह्या वर्षी सूत चांगलं मिळालं' म्हणायचात. ते ऐकायला मिळायचं म्हणून घ्यायचो. आईनंतरच्या साड्या बहीण नेसली, दोन भाचीच्या लग्नात गेल्या. जांभळ्या काठाची कुणाला दिली नाही. ती कपाटात आहे.

म्हणजे तुम्ही माझ्या बायकोला जपत होता आणि मी तुमच्या नवऱ्याला. दोघंही नव्हते. परिषदेने चांगला नियम केला आणि आपण दोघांनी तो इतका पाळला, की दुसऱ्या कुणी पाळला नसेल.

बापाची गोष्ट वाचली. दोनदा वाचली. सोनिकाला त्याच दिवशी पत्र टाकलं, की माझा कारकून मागे घेतो, नागपूर सांगते ते खरं. कारकुनाची गोष्ट सांगताना आमचे चेअरमन थोडे घाईत सांगायचे हे मला आता आठवतं. तेही त्या पंगतीच्या दाराशी उभे होते, आणि तिथं आडनाव विचारत होते हे त्यांना सांगायचं नसावं.

तुम्हाला कोचीची सभा आठवते का? संध्याकाळी सगळे बसने किनाऱ्यावर गेलो होतो. तुम्ही समुद्र पहिल्यांदा बघत होता. चपला हातात घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिलात आणि मला विचारलंत, तुमचा समुद्र असाच का? मी म्हटलं, हाच. हेच पाणी वर सरकत हर्णैला येतं. मग म्हणालात, "मंग मी इथं पाय धुतले ते तुमच्याकडं पोचते का?" मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं. त्यानंतर मी धक्क्यावर उभा असलो, की रोज कधी ना कधी ते मनात येतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बंदी उठली, नारळ वाहिला, होड्या पाण्यात गेल्या. आमची सभा झाली. शेवटच्या विषयावर संस्थेने ठराव केला, की प्रतिनिधीने आपल्या मनाने ठरवावं. तेव्हा माझा हात मोकळा आहे. तो वर जाणार की खाली राहणार हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

जानेवारीत बोलू. तोंडाने. तुम्ही जरा मोठ्याने बोला.

हरेश्वर


इंदोरा, नागपूर
२० डिसेंबर २०२५

हर्णै,

उत्तराला उशीर झाला. आळस नव्हता. कितीदा लिहायला बसले आणि मागावर जाऊन बसले. मागावर हात चालतात, कागदावर चालेनात. तुमचं पत्र मी मेघाच्या नजरेला पडू नये म्हणून सुताच्या पेटीत ठेवलं आहे, आणि या वयात मी पत्र लपवून राहिले याची मला लाज वाटते, आणि बरंही वाटतं.

तर कामाचं. सभा पंचवीस जानेवारीला, रविवारी, रामदासपेठेतल्या सभागृहात. तुमची राहायची सोय परिषदेने तिथंच केली आहे. विदर्भ एक्सप्रेस सकाळी पोचते. सभा सुरू व्हायच्या आधी या, नाश्त्याला, मला तुमच्याशी बोलायचं आहे. आमच्याही संस्थेची सभा झाली आणि ठराव झाला. तो काय, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. समोर सांगीन.

मी सांबारवडी आणणार आहे. सांबार म्हणजे कोथिंबीर, तुमच्याकडचं ते पातळ सांबार नव्हे. कोचीला तुमचा घोटाळा झाला होता. थंडीतली वडी वेगळीच लागते. आणि सभा संपल्यावर संध्याकाळी घरी जेवायला यावं असं मला वाटतं. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा करीन, तिखट कमी घालीन. धम्मदीपला सांगितलेलं नाही अजून. तुम्ही हो म्हणालात की सांगीन.

थंडी फार आहे. कानटोपी आणा.

भागीरथा


हर्णै
२ फेब्रुवारी २०२६

प्रतिनिधी, नागपूर, यांस,

सप्रेम नमस्कार.

सुखरूप पोचलो. निघताना भेट झाली नाही म्हणून हे पत्र.

गाडीला उशीर झाला याचं वाईट वाटतं. नाश्ता चुकला. मी दारातून आत आलो तेव्हा शेवटच्या विषयावर मत घेणं सुरू होत होतं. रिवाजाप्रमाणे पहिलं नाव नागपूरचं, स्थापनेचं गाव म्हणून. अध्यक्षांनी 'नागपूर' म्हटलं आणि तुमचा हात वर गेला. सभा पडद्यावर घ्या, असं म्हणणारा पहिला हात तुमचा. मी दारातच उभा होतो.

मग मला कळलं की तुम्हाला समोर काय सांगायचं होतं. आपली पत्रं जरा पुढे गेली होती, त्यात माझी चूक जास्त. दरवर्षी भेटून ते आणखी पुढे जावं हे तुम्हाला नको असेल तर ते रास्त आहे. तुमचं घर आहे, मुलगा आहे, वस्तीत नाव आहे. हर्णैचं नाव आलं तेव्हा मीही हात वर केला. तुमची इच्छा ती माझी असं समजून. ठराव मोठ्या बहुमताने पास झाला, आपल्या दोघांच्या हातांनी काही फरक पडला नसता, पण पडला असता तरी मी तोच केला असता.

तुमच्या हातात डबा होता, तो पाहिला. माझ्याकडे बघून तुम्ही नजर वळवलीत म्हणून पुढे आलो नाही. दुपारच्या गाडीने निघालो.

इतिहासाचं पुस्तक चांगलं झालं आहे. पंगतीची गोष्ट पहिल्याच पानावर आहे. रुपरावांचा फोटोही.

तब्येतीस जपावं.

प्रतिनिधी, हर्णै


इंदोरा, नागपूर
१२ फेब्रुवारी २०२६

हरेश्वर!

अहो, तो हात माझा नव्हता!

तीस वर्षं परिषदेत बसलात आणि प्रतिनिधी म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगू? संस्था जे ठरवील ते सांगायला जायचं, आपलं मन घरी ठेवायचं. आमच्या सभेत प्रीती उभी राहिली, आमच्यातली सगळ्यात तरुण विणकर. म्हणाली, "ताई, तुम्ही दरवर्षी कुठकुठं जाता, त्या भाड्यात एक माग दुरुस्त होते. मीटिंग तर मोबाईलवर बी होते ना. काहून जाव लागते?" खरंच होतं तिचं. चालू माग किती कमी राहिलेत ते मीच रोज बघते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? मला जायचं आहे, तिथं मागच्या रांगेत एक माणूस बसतो, हे सांगणार होते? मी मान हलवली. ठराव एकमताने झाला. त्याच्यावर सही माझी आहे.

हेच तुम्हाला नाश्त्याला सांगायचं होतं. हात वर जाईल तेव्हा तिकडे पाहू नका, तो इंदोऱ्याच्या बायांचा आहे, असं सांगायचं होतं. सकाळी साडेसहापासून स्टेशनवर होते. गाडी कुठं अडली ते कुणी सांगेना. शेवटी हजेरी चुकेल म्हणून रिकामी परत आले.

अध्यक्षांनी नागपूर म्हटलं आणि मी हात वर केला. वर धरून बसले होते तेव्हा मनात एवढंच होतं, की कुणीतरी येऊन हा खाली ओढावा. तेवढ्यात तुम्ही दारात दिसलात, काठी घेऊन, कानटोपीत. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, त्यांचा हात मोकळा आहे, त्यांनी मला लिहून कळवलं आहे, तो खाली राहील. हरले तरी एक हात माझ्या बाजूचा असेल. मग हर्णै पुकारलं आणि तुम्ही हात वर केलात. कुणाच्या ठरावाने नाही, आपल्या मनाने. म्हणून मी नजर वळवली. तुमच्याकडे पाहून मला रडू आलं असतं, आणि सत्तर गावांच्या प्रतिनिधींपुढे रडायचं मला नव्हतं.

म्हणजे माझा बांधलेला हात बघून तुम्ही तुमचा मोकळा हात वर केलात. माझी इच्छा म्हणे! माझी इच्छा विचारायला तुम्ही दोन खुर्च्या ओलांडून येऊ शकत नव्हता? दुपारच्या गाडीने निघालो, म्हणे! घरी रस्सा तयार होता. धम्मदीपला सांगून ठेवलं होतं, की परिषदेचे एक पाहुणे जेवायला येतील. तो रात्री म्हणाला, "आई, पाहुणे नाही आले का व?" मी म्हटलं, गाडी होती त्यांची. वड्या अलेप्पीने खाल्ल्या. सगळ्या. आणि वर कृती विचारून राहिला होता.

आता हे स्पष्ट लिहिते, कारण पुढच्या जानेवारीत मी मेघाच्या मोबाईलमध्ये तोंड दाखवीन आणि तुम्हाला त्यातून काही ऐकू येणार नाही. मला तुमची आठवण येते. आताच येते असं नाही. ती दरवर्षी फेब्रुवारीत सुरू व्हायची आणि जानेवारीत थांबायची. मला वाटायचं सभेची येते. मला परिषद आवडायची, खोटं नाही. बापाने सुरू केलेली गोष्ट आहे. पण गेल्या वर्षी लुधियानाला परिषद होती, ठराव होते, अलेप्पी होता, सगळं होतं, आणि मला तिथं एक क्षण करमलं नाही.

तुम्ही काय लिहाल ते मला माहीत नाही. उत्तर लिहिणार नसाल तर तसं तरी लिहा.

भागीरथा


हर्णै
२३ फेब्रुवारी २०२६

भागीरथा,

तुमचं पत्र धक्क्यावर उभं राहून वाचलं. मग तिथंच बसलो. विक्रम धावत आला, त्याला वाटलं पुन्हा पडलो.

चूक माझी. दोन खुर्च्या ओलांडल्या नाहीत. काठीचं कारण सांगणार नाही.

मी येतो. परिषदेचं काम नाही, सभा नाही. संस्थेत सांगितलं, नागपूरला जातोय. विक्रमने विचारलं, कुणाच्या ठरावाने? म्हटलं, नाही ठराव. सूचक नाही, अनुमोदक नाही. मला असं कुठं जायची सवय नाही. आजवर गावाबाहेर गेलो तो कुणी ना कुणी पाठवलं म्हणून गेलो. तिकीट काढताना खिडकीवरच्या मुलीने कामासाठी का, विचारलं, आणि मी पैसे पुन्हा मोजत बसलो.

तेरा मार्चला सकाळी पोचेन. गाडीला उशीर झाला तर तुम्ही घरी जा, मी पत्ता विचारत येईन. रामदासपेठेत लॉज बघतो. किती दिवस राहीन ते ठरवलेलं नाही. तुम्ही सांगाल तेव्हा निघेन. नाही सांगितलंत तर निघणार नाही, हेही आधीच कळवतो.

एकच काळजी आहे. तुमच्या घरी मी कोण म्हणून यायचं? तिथं प्रतिनिधी नाही, नातेवाईक नाही. तुमचा मुलगा विचारेल, तेव्हा तुमची पंचाईत होऊ नये. तुम्हाला अवघड वाटत असेल तर आपण बाहेरच भेटू. एखाद्या बाकावर. मला चालेल.

हरेश्वर


इंदोरा, नागपूर
३ मार्च २०२६

हरेश्वर,

बाकावर नाही. घरी या. लॉजही बघू नका, वरची खोली मी झाडून घेतली आहे. स्टेशनवर मी असेन, गाडी दुपारी आली तरी असेन.

काल रात्री खोली झाडत होते, गादी उन्हात घातलेली आत आणली, नवी चादर आमच्याच मागावरची घातली. मेघा दारात येऊन उभी राहिली.

"आई, कोण येऊन राहिलं? एवढी तयारी?"

"हर्णैहून येऊन राहिले एक जण."

"परिषदेचे पाहुणे का?"

मी खूप दिवसांपासून या प्रश्नाचं उत्तर जुळवत होते. तुम्हालाही तीच काळजी होती. काय काय ठरवलं होतं मी. जुने सहकारी, बापाच्या ओळखीचे, इतिहासाच्या पुस्तकाचं काम. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"नाही वं," मी म्हटलं. "माहे पाहुणे."

भागीरथा